तळटीप १४ : ‘सेकंदाला दीड कोटी पॅकेट्स’

आकडा फुगवलेला नाही. १० गिगाबिट इथरनेटवर ६४ बाइटची सर्वांत लहान फ्रेमसुद्धा, आधीची खूण आणि मधली सक्तीची मोकळी जागा धरून, ८४ बाइट अडवते. म्हणजे सेकंदाला १ कोटी ४८ लाख ८० हजार पॅकेट्स, एकेकाला जेमतेम ६७ नॅनोसेकंद. एवढ्यात प्रत्येक पॅकेटसाठी ऑपरेटिंग सिस्टीमच्या कर्नलचं दार ठोठावणं परवडत नाही. गठ्ठ्यानेच पाठवावी लागतात. पिसाच्या लुइजी रिझ्झो यांच्या ‘नेटमॅप’ने (२०१२) नेटवर्क कार्ड आणि प्रोग्रॅमला आधीच राखलेले सामायिक बफर देऊन ९०० मेगाहर्ट्झच्या एकाच कोअरवर हा वेग गाठला. फार सुंदर काम आहे ते. —संपा.