शाईचा डाग

शाईची थोरवी तिच्या टिकाऊपणात आहे. खरेदीखतावरील अक्षर शंभर वर्षे पुसू नये, अशी आपली अपेक्षा असते. आणि तीच शाई मुलाच्या शाळेच्या सदऱ्यावर सांडली, तर ती घटकाभरही टिकू नये असे वाटते. डाग काढण्याच्या खटपटीचा इतिहास हा वस्तुतः शाईच्याच इतिहासाची दुसरी बाजू होय.

आपली जुनी शाई काजळाची. दिव्याचे काजळ धरावे, ते डिंकाच्या पाण्यात पुष्कळ वेळ घोटावे आणि बोरूने लिहावे, अशी रीत होती. मोडी दफ्तरांतील अक्षरे अद्याप काळीभोर दिसतात, कारण काजळ म्हणजे जवळजवळ निव्वळ कोळसा. ऊन, हवा अथवा आम्ल यांची मात्रा त्यावर चालत नाही. मात्र ही शाई पृष्ठभागावर नुसती चिकटून बसते. म्हणूनच प्राचीन रोममध्ये पपायरसावरील अक्षरे ओल्या स्पंजाने पुसता येत. सुती कापडात तिचे सूक्ष्म कण धाग्यांच्या आत जाऊन बसतात. डाग ओला आहे तोच साबणाने धुवावा, याहून निराळा उपाय तेव्हाही नव्हता व आजही नाही.

युरोपात मध्ययुगापासून निराळ्याच शाईचे राज्य होते. मायफळ आणि हिराकस यांच्या संयोगाने ती सिद्ध होई. मायफळाच्या पाण्याने भिजवलेला पपायरस हिराकशीने काळा पडतो, हे पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार प्लिनीला ठाऊक होते. जंगालातील भेसळ ओळखण्यासाठी त्याने ही परीक्षा सांगितली आहे. ही शाई तंतूंत भिनते आणि हवा लागताच अधिक काळी होते. इंग्रजी अमदानीत कचेऱ्यांतून व शाळांतून रूढ झालेली निळी-काळी शाई याच घराण्यातली. प्रथम दिसणारा निळा रंग वरून घातलेला, आणि मागाहून उमटणारा काळा रंग लोहाचा.

या लोहावर उपाय सापडला तो रसायनशास्त्रामुळे. स्वीडनमधील कार्ल शेले याने 1776 मध्ये साखरेवर नत्राम्लाची क्रिया करून ऑक्झॅलिक आम्ल मिळवले. चुक्याच्या जातीच्या आंबट पाल्यातही हेच आम्ल असते, असे 1784 मध्ये दाखवले. हे आम्ल लोहाला आपल्याशी बांधून घेते व पाण्यात विरघळवते. त्याचा क्षार इंग्लंडमध्ये ‘सॉल्ट्स ऑफ लेमन’ या नावाने विकला जाई. नाव लिंबाचे, परंतु पदार्थ विषारी! एकोणिसाव्या शतकात तिकडे ऑक्झॅलिक आम्लाचे स्फटिक जुलाबाचे एप्सम मीठ समजून घेतल्याने कित्येकांनी प्राण गमावले. डागाच्या इतिहासातील हे प्रकरण प्रत्येक गृहिणीने ध्यानी ठेवावे असे आहे.

शेलेनेच 1774 मध्ये क्लोरीन वायू शोधला. 1780 नंतरच्या दशकात फ्रान्समध्ये बर्थोले याने त्याचा विरंजनासाठी उपयोग केला, आणि 1799 मध्ये चार्ल्स टेनंट याच्या विरंजक चूर्णाला पेटंट मिळाले. हे चूर्ण रंग नाहीसा करते. परंतु लोहाचा पिवळट डाग मागे राहतो. निळ्या-काळ्या शाईला एक औषध पुरत नाही, याचे मर्म हेच.

काही ठिकाणी मनुष्याने न जाणारा डाग मुद्दाम शोधला. आपल्याकडे धोबी कपड्यांवर खुणा करीत त्या बिब्ब्याच्या तेलाने, व वर चुना लावून ती खूण पक्की करीत. इंग्रजांनी त्या बीला ‘मार्किंग नट’ असेच नाव दिले. 1962 च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून मतदारांच्या बोटाला लागणारी म्हैसूरची शाई चांदीच्या क्षाराची. प्रकाशाने ती त्वचेवर काळी पडते.

पुढे लाझ्लो बिरो याच्या बॉलपेनाने घराघरांत तेलकट शाई आणली. तिला पाणी लागत नाही. ती स्पिरिटात विरघळते.

आता उपायांकडे वळू. शाई सांडताच चोळू नये. टिपकागदाने किंवा जुन्या फडक्याने ती टिपून घ्यावी. डाग जाईपर्यंत गरम पाणी व इस्त्री दूर ठेवावी. लोहाच्या शाईवर लिंबाचा रस व मीठ लावून कापड उन्हात धरावे, नंतर भरपूर पाण्याने धुवावे. लिंबातील आम्ल लोहाला सोडवते. बॉलपेनाच्या डागाखाली फडके ठेवून वरून स्पिरिटाने टिपावे, मात्र जवळ विस्तव नसावा. रंगीत कापडावर काहीही लावण्यापूर्वी आतल्या शिवणीवर परीक्षा पाहावी. रेशीम व लोकर यांना विरंजक चूर्ण कदापि लावू नये. ते चूर्ण आणि कोणतेही आम्ल, लिंबूसुद्धा, एकत्र करू नये. त्यातून विषारी क्लोरीन निघतो. ऑक्झॅलिक आम्ल घरात आणणे टाळावे. आणलेच, तर ते नाव लिहिलेल्या बाटलीत, कुलपात असावे.

सदरा अखेर नवा शिवता येतो. म्हणून डागाशी झुंजताना घरातील माणसांच्या जिवाला अपाय होणार नाही, एवढे पथ्य आधी पाळावे.