मांजर आणि मुळाक्षरे

कामगार चळवळीतला माणूस मांजरांच्या चित्रपुस्तकांवर काय बोलणार, असा प्रश्न आपल्यापैकी काहींना पडला असेल. परंतु पगाराच्या कागदावर न वाचता अंगठा उठविणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. त्यांच्यासाठी रात्रीचा वर्गही आम्ही काढला. रूक्ष धडे घोकून घेतले. महिन्याभरात वर्ग ओस पडला. दोष आम्ही त्यांच्या थकव्याला दिला.

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात, न्यू अल्म गावी, १८९३ साली वांडा गाग जन्मली. वडील बोहेमियातून आलेले चित्रकार. १९०८ मध्ये ते वारले. मागे सात मुले, त्यांत वांडा थोरली, वय पंधरा. शाळा सोडून नोकरी धर, असे लोक सांगू लागले. तिने ऐकले नाही. वर्तमानपत्राच्या बालपुरवणीला चित्रे देऊन घराला हातभार लावला, आणि धाकट्यांचीही शाळा सुटू दिली नाही.

१९२८ मध्ये तिचे ‘मिलियन्स ऑफ कॅट्स’ प्रसिद्ध झाले. एकटेपणाला कंटाळलेला म्हातारा एक मांजर आणायला जातो आणि असंख्य मांजरे घेऊन परततो. सर्वांत सुंदर कोण, यावरून ती भांडून संपतात. उरते एक हडकुळे पिल्लू. दूध आणि माया मिळताच तेही बाळसे धरते.

यातला मजकूर तिचा भाऊ हॉवर्ड याने हाताने लिहिला. चित्रे समोरासमोरच्या दोन पानांवर पसरतात. मांजरांच्या रांगेबरोबर मुलाची नजर पुढे सरकते. वाढत्या संख्यांचे पालुपद फिरून फिरून येते. मूल आधी ते ऐकते, मग आपणच म्हणते, आणि एके दिवशी त्या अक्षरांवर बोट ठेवते. वाचन सुरू होते ते तिथे.

शाळेतली पुस्तके मात्र नीरसच राहिली. १९५४ मध्ये लेखक जॉन हर्सी यांनी ‘लाइफ’ नियतकालिकात त्यांवर कडक टीका केली. त्या वादातूनच १९५७ साली डॉ. स्यूस यांचे ‘द कॅट इन द हॅट’ आले. वेगवेगळे शब्द मोजून २३६. पण यमकांच्या तालावर धुमाकूळ घालणारा टोपीवाला बोका पोरांना पुढचे पान उलटायला लावतो.

शब्द थोडे असले तर चालते, ओढ थोडी असून भागत नाही. आमचा वर्ग ओस पडला तो थकव्याने नव्हे, आमच्या रूक्षपणाने. गरिबाच्या पोराला आधी अक्षरे आणि आनंद सवडीने, असे म्हणणाऱ्यांनी ते हडकुळे पिल्लू आठवावे.