एकाच कुटुंबातील बालकुपोषण : तत्कालीन ठाणे जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
ठाणे जिल्ह्याचे रूप दीर्घकाळ दुहेरी राहिले. कल्याण-डोंबिवली पट्ट्यातील कोपरसारख्या खाडीकाठच्या वस्त्या उपनगरी रेल्वेने महानगराशी जोडल्या गेल्या; त्याच जिल्ह्यातील जव्हार-मोखाडा हा आदिवासी भाग मात्र बालमृत्यूंमुळे चर्चेत आला. १९९२-९३ च्या सुमारास जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरात शंभराहून अधिक बालके दगावल्याची वृत्ते प्रसिद्ध झाली. (१ ऑगस्ट २०१४ पासून हा भाग पालघर जिल्ह्यात आहे.) कुपोषणाची चर्चा तेव्हापासून गाव, तालुका व जमात या परिमाणांत होत आली. प्रस्तुत निबंधात एकाच घरातील भावंडांमधील विषमतेचा विचार केला आहे.

अपत्यक्रम आणि कुपोषण :
एका चुलीवर शिजलेले अन्न सर्व मुलांना सारखे लाभते, हे गृहीतक तपासण्याजोगे आहे. डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९३५ मध्ये गोल्ड कोस्ट (आजचा घाना) येथील बालरोगासाठी ‘क्वाशिओरकोर’ हा गा भाषेतील शब्द वैद्यकात आणला. पाठचे भावंड जन्मल्यावर आईच्या दुधावरून तुटलेल्या मुलाचा आजार, असा त्याचा आशय आहे. सीमा जयचंद्रन व रोहिणी पांडे यांनी २०१७ मध्ये दाखविले की, आफ्रिकी बालकांच्या तुलनेत भारतीय बालकांच्या उंचीतील तूट अपत्यक्रमानुसार वाढते. ज्येष्ठ पुत्राला मिळणारे झुकते माप हे त्यांनी त्याचे कारण मानले.

शासकीय उपाययोजना :
२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. पुढे तीन वर्षांखालील बालकांसाठी घरपोच आहार आला. परंतु घरी गेलेले पाकीट एका बालकाचे न राहता साऱ्या कुटुंबात वाटले जाते. आदिवासी क्षेत्रातील गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीतच चौरस आहार देणारी २०१५ ची डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना या दृष्टीने महत्त्वाची ठरते.

निष्कर्ष :
राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील कमी वजनाच्या बालकांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ३६.० टक्के, तर २०१९-२१ मध्ये ३६.१ टक्के होते. सरासरीच्या या आकड्यात घरातील उपेक्षित मूल दिसत नाही. अंगणवाडीतील वजनाची नोंद बालकागणिक होते. भावंडांच्या नोंदी शेजारी ठेवून वाचल्यास धोक्यातील मूल वेळीच ओळखता येईल. दोन अपत्यांतील अंतर, आईचा आहार आणि दूध सुटलेल्या मुलाची काळजी हे प्रश्न त्यामुळे अन्नपुरवठ्याइतकेच निकडीचे ठरतात.