खानदेशांतील दगडी कोळशाची वाट

खानदेशच्या काळ्या जमिनींत कापूस उदंड पिकतो. दगडी कोळसा मात्र तिच्यांतून निघत नाहीं. तरीहि या मुलखाचें दैव पालटलें तें कोळशाच्या वाटेनेंच.

आगगाडीपूर्वीं येथील कापूस बैलगाड्यांतून व लमाणांच्या पाठाळ बैलांवरून घाट उतरे. बैलाचा चारा वाटेंतच मिळे. लोखंडी घोड्याचा मिळत नसे. १८६५ सालीं थळघाटांतून रूळ पार झाले, तेव्हां ग्रेट इंडियन पेनिनशुला रेल्वेचीं मुंबईकडील इंजिनें विलायती कोळशावर चालत. सुएझचा कालवा १८६९ सालीं खुला झाला. तोंपर्यंत हा कोळसा आफ्रिकेला वळसा घालून येई. राणीगंजच्या खाणी आपल्याच देशांत होत्या, पण बंगालशीं रूळ जोडलेले नव्हते. म्हणजे खानदेशचा कापूस विलायतेस धाडण्यासाठीं आधीं विलायतेचा कोळसा येथें आणावयाचा! शाळेंत मीं रेल्वेचा धडा अनेक वर्षें शिकविला. हा हिशेब कोणत्याहि क्रमिक पुस्तकांत मला आढळला नाहीं.

पुढें भुसावळचें भाग्य उघडलें. १८६७ सालीं नागपूरचा व १८७० सालीं जबलपूरचा मार्ग पुरा झाला, आणि हे दोन्ही फांटे भुसावळास मिळाले. जबलपूरच्या वाटेवर, गाडरवाड्यापासून थोड्या अंतरावर, मोहपाणीची खाण होती. नागपूरच्या वाटेवरील वर्ध्याहून १८७७ सालीं वरोऱ्याच्या खाणीपर्यंत शाखा गेली. हा कोळसा बंगालच्या कोळशाइतका कसदार नव्हे. पण कोळशाची किंमत खाणीपेक्षां वाटेवरच अधिक वाढते, म्हणून जवळचा हलका मालहि परवडे. मोहपाणीची खाण रेल्वे कंपनीनें १९०४ सालीं स्वतःच विकत घेतली. वरोऱ्याची १९०६ सालीं बंद पडली, व बल्लारपूरचें नांव पुढें आलें.

जळगांवास रुळांचा लाभ आरंभींच मिळाला. धुळ्यास चाळीसगांवहून गाडी पोंचली ती १९०० सालीं. तोंपर्यंत धुळ्याच्या कारखानदारास कोळसा हवा असला, तर शेवटचे पस्तीस मैल बैलगाडीच! वाफेनें ज्या बैलाचा लांबचा धंदा बुडविला, त्याच्याच खांद्यावर वाफेचें जळण वाहिलें जाई. लमाणांच्या तांड्यांना मात्र तेवढाहि आधार उरला नाहीं. कित्येकांनीं शेतमजुरी पत्करली.

पुढें विजेचीं इंजिनें आलीं, तरी कोळशाच्या वाघिणी थांबल्या नाहींत. १९६८ सालीं भुसावळजवळ दीपनगरच्या वीजकेंद्राचा पहिला संच सुरू झाला. कोळसा तेथपर्यंत रुळांवरून येतो. पुढें त्याची शक्ति तारांतून दूरच्या शहरांस जाते, आणि राख भुसावळच्या शिवारांत राहते.