आधी पोटाला, मग गोठ्याला

गेल्या पावसाळ्यात आमच्या गटाच्या किराणा दुकानात अर्धं पोतं रव्याला जाळी धरली. तो तोटा आमच्या बचतीतून गेला. तेव्हापासून वाया जाणाऱ्या मालाचा विषय आमच्या जिव्हाळ्याचा झाला. आज त्याचाच थोडा इतिहास सांगतो.

फ्रान्समधल्या मोठ्या दुकानांतला उरलेला माल कचरापेटीत जायचा. भुकेली माणसं रात्री तो वेचत. कुणी वेचू नये म्हणून काही दुकानदार चांगल्या अन्नावर ब्लीच ओतत! पॅरिसजवळच्या कुर्बव्वा शहराचे नगरसेवक आराश देरांबार्श यांनी याविरुद्ध सह्या गोळा केल्या. दोन लाखांवर सह्या झाल्या. खासदार गियोम गारो यांनी संसदेत विषय लावून धरला आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये कायदा झाला. ४०० चौरस मीटरहून मोठ्या दुकानांनी संस्थांशी दानाचा करार करायचा. खाण्याजोगं अन्न मुद्दाम नासवलं तर तेव्हा ३,७५० युरो दंड ठेवला होता.

कायद्यानं क्रमही लावला. आधी माल वाया जाऊच द्यायचा नाही. उरलाच तर माणसाला, मग जनावराला, शेवटी खताला. मैत्रिणींनो, हा क्रम आपल्या आजीलाही ठाऊक होता ना?

आता आम्ही जुना माल पुढे, नवा मागे लावतो. तारीख जवळ आलेला पुडा बैठकीत कमी भावानं देतो. खराब झालेला मात्र कुणालाच देत नाही. दान असलं तरी ते कुणाच्या तरी पोटात जाणार असतं.