वर्धा-पैनगंगेचा कोळसा आणि शेजाऱ्यांचा बाजार

युरियाची गोणी शेतकऱ्याच्या बांधावर येते तेव्हा ती कशापासून झाली हा विचार सहसा कोणी करीत नाही. आपल्या देशात युरिया मुख्यतः नैसर्गिक वायूपासून बनतो, आणि त्या वायूचा मोठा भाग परदेशातून, समुद्रमार्गे, थंड करून द्रवरूपात येतो. मग प्रश्न असा पडतो, की खुष्कीच्या मार्गाने, शेजारच्या देशातून सरळ नळाने तो का येत नाही? वर्तमानपत्रांत अधूनमधून अशा योजनांची नावे झळकतात आणि मावळतात. शेजाऱ्या-शेजाऱ्यांत इंधनाचा बाजार उभा राहायला काय लागते, हे समजून घ्यायला मध्य आशियात जाण्याची गरज नाही. त्याचा शंभर वर्षांचा धडा यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, वणी तालुक्यात पडलेला आहे. तो वायूचा नाही, दगडी कोळशाचा आहे; पण प्रश्न तोच.

वणी तालुक्यात जुगादजवळ पैनगंगा वर्धेला मिळते. नकाशा उघडून या संगमावर बोट ठेवा. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या एका ठिकाणी तीन अंमल एकमेकांना भिडले होते. वर्धेच्या पूर्वेला चांदा जिल्हा. तो १८६१ साली झालेल्या मध्य प्रांतात, म्हणजे थेट इंग्रजांच्या राज्यात. दोन नद्यांच्या बेचक्यात आपला वणी भाग, तो वऱ्हाडात. वऱ्हाड १८५३ च्या तहाने निजामाने इंग्रजांच्या कारभाराखाली दिलेले होते, म्हणजे मालकी निजामाची आणि कारभार साहेबाचा. आणि पैनगंगेच्या दक्षिणेला राजुऱ्याचा मुलूख; तो निजामाच्या खास राज्यात. आपल्या जिल्ह्याचे नावसुद्धा तेव्हा ‘वणी जिल्हा’ असे होते. यवतमाळ हे नाव १९०५ साली मिळाले.

वर जमिनीवर तीन राज्ये होती, पण खाली कोळशाचे क्षेत्र एकच. वरोरा, माजरी, घुग्घुस, वणी, राजूर, बल्लारपूर आणि नदीपलीकडचे सास्ती ही सगळी एकाच वर्धा खोऱ्याच्या कोळशाची गावे. बल्लारपूर आणि सास्ती तर वर्धेच्या दोन काठांवर समोरासमोर. भूगर्भाला तहनामे ठाऊक नसतात.

आता या कोळशाची गरज कोणाला होती, ते पाहू. खेड्यातल्या चुलीला नव्हती. चुलीला पऱ्हाटी होती, तुराट्या होत्या, गोवऱ्या होत्या, आणि जंगल जवळ होते. गरज निर्माण केली ती कापसाने. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला न भूतो असा भाव आला. १८६७ साली मुंबईची आगगाडी बडनेरा, धामणगाव, पुलगाव करीत नागपूरला पोचली. मागोमाग वाफेवर चालणारे जीन-प्रेस आले. १८७७ च्या पहिल्या दिवशी नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. पुढे हिंगणघाटलाही गिरण्या निघाल्या. इंजिनाला, जीनला, गिरणीला, सगळ्यांना आग हवी. मुंबईकडच्या गाड्यांना विलायतेहून जहाजाने आलेला कोळसा पुरवीत, आणि तो घाट चढून इकडे आणायचा म्हणजे सोन्याच्या मोलाचा होई. बंगालचा कोळसा चांगला, पण तो दूर. मग सरकारचे लक्ष वर्धेच्या खोऱ्याकडे वळले.

वरोऱ्याला सरकारने स्वतः खाण काढली. ती १८७१ पासून १९०६ पर्यंत चालली. इथे ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की खाण खोदणे हे त्यातले सोपे काम होते. कोळसा वरोऱ्याला पडून राहिला तर त्याची किंमत मातीमोल. म्हणून वर्ध्यापासून हिंगणघाटवरून वरोऱ्यापर्यंत सुमारे ४५ मैलांचा लोहमार्ग खास त्यासाठी घालावा लागला, आणि त्या रेल्वेचे नावच ‘वर्धा कोल स्टेट रेल्वे’ पडले. आधी खाण आणि मग सवडीने रस्ता, असे इंधनाच्या बाबतीत चालत नाही. रस्ता हाच अर्धा बाजार.

दुसरी अडचण मापाची. वरोऱ्याचा कोळसा हलका. त्यात ओल जास्त, राख जास्त. उघड्यावर पडला की भुगा होई आणि ढिगातला ढीग आपोआप पेट घेई. म्हणजे वरोऱ्याचा एक टन आणि बंगालचा एक टन तराजूत सारखे, पण इंजिनाच्या भट्टीत सारखे नव्हेत. कापसातही हेच असते. ओला कापूस आणि सुका कापूस काट्यावर सारखे दिसतात, पण व्यापारी मुठीत दाबून पाहतो. कोळशाला मुठीची परीक्षा पुरत नाही. १९२० नंतरच्या काळात मुंबईच्या बाजारात दक्षिण आफ्रिकेच्या कोळशाने हिंदी कोळशाला मागे सारले, त्याचे एक कारण आपल्या मालाच्या प्रतीवरचा अविश्वास हेच होते. तेव्हा १९२५ साली प्रत ठरविण्यासाठी कायदा करून मंडळ नेमावे लागले. खऱ्या अर्थाने उष्णतेच्या मापावर कोळशाचे भाव लावायला आपल्या देशात २०१२ साल उजाडले! एवढा उशीर का लागावा, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

नदीपलीकडे काय चालले होते? निजामाच्या राज्यात डॉ. किंग या भूगर्भशास्त्रज्ञाने १८७१-७२ च्या सुमारास तेलंगणात कोळसा शोधला आणि १८८९ पासून सिंगरेणीच्या खाणी चालू झाल्या. पण निजामाची रेल्वे वाडीवरून मुंबईच्या मार्गाला जोडलेली. चांद्याहून दक्षिणेकडे रूळच नव्हते. म्हणजे तेलंगणचा कोळसा आणि चांद्याचा कोळसा नकाशावर शेजारी, पण रेल्वेने जायचे तर सगळ्या दख्खनला वळसा. काझीपेट ते बल्हारशा हा मार्ग १९२९ च्या सुमारास पुरा झाला, तेव्हा कुठे दिल्ली-मद्रास सरळ जोडले गेले आणि हे दोन शेजारी खरे शेजारी बनले.

रूळ सोडले तरी इतर अडथळे होतेच. निजामाच्या राज्यात हाली सिक्का चाले, आपल्याकडे कलदार. कलदार सहा रुपयांना हालीचे साधारण सात पडत. सरहद्दीवर ‘करोडगिरी’ नावाचे जकात खाते बसलेले. वजनांची तर निराळीच तऱ्हा. मुंबईचा मण २८ पौंडांचा, रेल्वेचा बंगाली मण ८२ पौंडांहून थोडा जास्त, आणि वऱ्हाडात कापसाचा बोजा ३९२ पौंडांचा. ‘मणाला भाव काय?’ असे विचारले तर ‘कुठला मण?’ हा उलटा प्रश्न येणारच. आज शाळेत मुलांना किलोग्राम शिकवताना हा इतिहास सांगितला, तर दशमान पद्धतीची किंमत त्यांना ताबडतोब पटेल.

शिक्षकांसाठी आणखी एक हिशेब सांगतो, कारण या बाजाराची सगळी मेख त्यात आहे. रेल्वेचे भाडे लांब पल्ल्याला मैलामागे कमी होत जाते. समजा, पहिल्या शंभर मैलांना मैलामागे चार पै आणि पुढच्या शंभर मैलांना तीन पै. एकाच कंपनीच्या रुळांवरून दोनशे मैल माल गेला तर भाडे सातशे पै. पण मध्येच सरहद्द लागली, दुसरी कंपनी आली आणि तिने आपले मैल पुन्हा पहिल्यापासून मोजले, तर चारशे आणि चारशे मिळून आठशे पै. सरहद्दीवर कोणीही जकात घेतली नाही तरी शंभर पैंचा कर बसलाच! आणि रुळांची रुंदी बदलली तर वाघिणीतला माल हमालांनी उतरवून दुसऱ्या वाघिणीत भरायचा, त्याचा खर्च निराळा. आपल्या जिल्ह्याभोवती तर तिन्ही रुंद्या होत्या. माजरीहून वर्धा ओलांडून वणी-राजूरकडे आलेला फाटा रुंद मापाचा, तिकडे मुदखेड-आदिलाबादची गाडी मीटर मापाची, आणि मूर्तिजापूर-यवतमाळची आपली ‘शकुंतला’ अडीच फुटांची. ही शकुंतला १९९४ पर्यंत कोळशाच्या इंजिनावर चालली. वणी आणि आदिलाबाद हे जवळचे शेजारी, पण दोघांमधले रूळ जुळून एकाच मापाची गाडी धावायला एकविसावे शतक लागले.

याच भाड्याच्या हिशेबावर युरोपातली राष्ट्रेही अडली होती. फ्रान्सकडे लोखंडाची माती, जर्मनीकडे रूरचा कोळसा, आणि दोघांत तीन युद्धे. १९५१ साली फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग या सहा देशांनी करार केला, आणि फेब्रुवारी १९५३ मध्ये कोळशाची सामाईक बाजारपेठ सुरू झाली. जकाती गेल्या, पण लवकरच असे आढळले, की सरहद्दीवर रेल्वेचे मैल पुन्हा शून्यापासून मोजले जातात. ती खोड मोडायला आणखी दोनेक वर्षे गेली. पुढे याच करारातून युरोपची एकी वाढत गेली हे आपण जाणतो. मला मात्र त्यात सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती ही, की त्या थोर मुत्सद्द्यांना अखेर मालगाडीच्या दरपत्रकाशी झुंजावे लागले.

आपल्याकडे ही कामे वेगळ्या वाटेने झाली. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी जी. आय. पी. आणि निजामाची रेल्वे एकत्र होऊन मध्य रेल्वे बनली. हाली सिक्का गेला, करोडगिरी गेली. १९५६ साली हैदराबाद राज्य विसर्जित झाले आणि राजुरा मराठी मुलखात आला. १९५९ साली तो चांदा जिल्ह्याला जोडला गेला. १ मे १९७३ ला कोळशाच्या उरलेल्या खाणी सरकारी मालकीच्या झाल्या आणि १९७५ साली नागपुरात वेस्टर्न कोलफिल्ड्स कंपनी निघाली. संगमाच्या तिन्ही बाजूंचा कोळसा प्रथमच एका वहीत आला. याला बाजार म्हणावे की एकाच मालकाचे दुकान, हा वाद घालता येईल. पण चंद्रपूर, कोराडी, खापरखेड्याची वीजकेंद्रे या कोळशावर उभी राहिली, ही गोष्ट खरी.

आणि उकणी, नीलजई, मुंगोली, घोन्सा या गावांचे काय? कापसाची काळी जमीन खाणीत गेली. कोणाला नोकरी मिळाली, कोणाला मोबदला. पण रस्त्यावरची काळी धूळ आणि सुरुंगांचे हादरे सर्वांच्या वाट्याला आले. बाजार मोठा होतो तेव्हा दराचा हिशेब दूरच्या शहरात होतो, आणि ज्याच्या शेताखाली इंधन आहे तो त्या हिशेबाला बसलेला नसतो. नेदरलँड्ससारख्या सधन देशातही हे चुकले नाही. तिथे ग्रोनिंगेन प्रांतात १९५९ साली वायूचा प्रचंड साठा सापडला. जर्मनी, बेल्जियम, फ्रान्स या शेजाऱ्यांना नळाने तो वर्षानुवर्षे विकला गेला. पण वायू उपसल्याने जमीन हादरू लागली, गावकऱ्यांच्या घरांना तडे गेले, आणि शेवटी २०२३ साली तिथला उपसा थांबवावा लागला.

कोळसा आणि वायू यांत एक मोठा फरक आहे. कोळशाचा ढीग घालून ठेवता येतो; गिऱ्हाईक रुसले तर वाघीण दुसरीकडे वळविता येते. नळाला हे साधत नाही. एक टोक विकणाऱ्याच्या विहिरीत आणि दुसरे घेणाऱ्याच्या कारखान्यात, मधे हजारो कोटी रुपये जमिनीत पुरलेले. म्हणून पहिला नळ पुरण्याआधीच वीस-पंचवीस वर्षांचा दर, माप आणि वाटेतल्या देशाचे भाडे ठरवावे लागते. आणि ठरले तरी भांडण झाले की काय होते, ते २०२२ साली रशिया-युक्रेन युद्धात सगळ्या युरोपने पाहिले.

आता आपल्या शेजाऱ्यांकडे या. तुर्कमेनिस्तानचा वायू अफगाणिस्तान, पाकिस्तानमार्गे पंजाबातल्या फाजिल्कापर्यंत आणण्याची सुमारे १,८०० किलोमीटरची योजना आहे. चार देशांच्या आद्याक्षरांवरून तिचे नाव ‘तापी’. आपल्या तापी नदीचा तिच्याशी संबंध नाही. २०१० साली करार झाला, २०१५ साली काम सुरू झाले, २०२४ साली अफगाणिस्तानात हेरातच्या दिशेने नळ पुरायला घेतला. भारतात वायू आलेला नाही. इराणकडून पाकिस्तानमार्गे येणाऱ्या नळाची बोलणी कित्येक वर्षे चालली. दर, वाटेचे भाडे आणि सुरक्षितता यांवर ती अडली आणि २००९ च्या सुमारास भारत बाजूला झाला. म्यानमारचा वायू बांगलादेशातून आणण्याविषयी २००५ साली तिन्ही देशांचे मंत्री यांगूनला भेटले. बांगलादेशाने म्हटले, की आमच्या भूमीतून नळ जाणार असेल तर नेपाळ-भूतानशी व्यापाराची वाट आम्हाला द्या. ही मागणी अवाजवी होती असे मला वाटत नाही. वाट देणाऱ्याने वाट मागावी, यात नवल काय? बोलणी लांबली आणि २०१३ पासून म्यानमारचा तो वायू चीनला जाऊ लागला.

याउलट जिथे पल्ला छोटा आणि मधे तिसरा कोणी नाही, तिथे कामे झाली आहेत. बिहारमधल्या मोतिहारीपासून नेपाळच्या अमलेखगंजपर्यंत ६९ किलोमीटरची तेलवाहिनी २०१९ साली सुरू झाली. सिलिगुडीहून बांगलादेशातल्या पार्वतीपूरला डिझेल नेणारी वाहिनी २०२३ साली सुरू झाली. त्यांतून वायू जात नाही, तेल जाते. पण माप, दर आणि वाट यांचे करारमदार त्यासाठीही करावे लागलेच. वायू मात्र गुजरातेत दहेजला आणि आपल्याकडे दाभोळला जहाजाने उतरतो. कतारशी १९९९ साली झालेल्या पंचवीस वर्षांच्या करारावर पहिली जहाजे २००४ साली दहेजला लागली. मुंबईकडून नागपूरकडे समृद्धी महामार्गाच्या कडेने वायुवाहिनी टाकण्याचे काम गेल्या काही वर्षांत झाले. ती वाशीम, अमरावती, वर्धा या जिल्ह्यांच्या भूमीतून, म्हणजे आपल्या उत्तरेच्या सीमेजवळून, जाते.