आवाजाला मिळालेली जागा
३५ मिलिमीटरच्या चित्रफितीचा एखादा तुकडा भिंगाखाली धरला, तर कडेच्या दोन छिद्रांच्या मधोमध राखाडी दिसणारा एक चौकोन सापडतो. ७६ गुणिले ७६ ठिपक्यांची जाळी आणि बरोबर मध्यावर डॉल्बीचं बोधचिन्ह. प्रत्येक चौकटीला चार छिद्रं, सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे सेकंदाला असे ९६ चौकोन. जून १९९२ मध्ये 'बॅटमॅन रिटर्न्स'बरोबर या चौकोनांत साठवलेला आवाज अमेरिकेत थिएटरांत पोचला. समोर तीन, मागे दोन आणि खर्जाचा एक, असे सहा प्रवाह एवढ्याशा जागेत बसवायला सेकंदाला ३२० किलोबिटच हाताशी होते. मग मोठ्या आवाजाखाली दबून कानाला जाणवणारच नाही, असं सगळं गाळून टाकायचं गणित मांडलं गेलं. पुढे घराघरांत गेलेलं डॉल्बी डिजिटल या अडचणीच्या पोटी जन्मलं.

वर्षभरात 'ज्युरासिक पार्क' आला आणि डीटीएस या डॉल्बीच्या प्रतिस्पर्ध्यानं जागेचा प्रश्नच बाजूला सारला. फितीवर फक्त तुटक रेघांची वेळखूण छापायची, आवाज वेगळ्या सीडी-रॉमवर ठेवायचा आणि खुणेबरहुकूम वाजवायचा. जागा ऐसपैस, म्हणून आवाज कमी दाबला तरी चाले. डीटीएसचा दबदबा इथूनच सुरू झाला. मात्र 'थिएटरातलंच डीटीएस घरी' हा समज चुकीचा आहे. थिएटरात एपीटी-एक्स १०० ही पद्धत वापरली जाई. घरासाठी वेगळीच घडवली गेली.

१९९५ पासून लेझरडिस्कवर डॉल्बीनं उजव्या अ‍ॅनालॉग ट्रॅकची जागा घेतली, तर पुढे डीटीएसनं डिजिटल ट्रॅकचीच. आपल्याकडे बहुतेक घरांत या काळानंतर आली ती व्हीसीडी, आणि तिच्यावर दोनच प्रवाह मावत.

खरी जुंपली डीव्हीडीवर. चित्र, आवाज, उपशीर्षकं मिळून सेकंदाला जेमतेम १० मेगाबिट. त्यात डॉल्बी डिजिटल ४४८ किलोबिटपर्यंत भागवी, तर पूर्ण डीटीएस १५०९ मागे. त्यामुळे पुष्कळ डिस्कवर डीटीएस अर्ध्यावर, ७५४ वर आणलेलं असे. शिवाय डीटीएस ऐच्छिक होतं, त्यामुळे डिस्कवर डॉल्बी डिजिटल किंवा न दाबलेला पीसीएम ट्रॅक सोबत द्यावाच लागे. एकाच डिस्कवर दोन्ही ट्रॅक असले की रिमोटवर बोट ठेवून तुलना व्हायची आणि बहुतेक वेळा डीटीएस जिंकायचं.

या निकालावर माझा विश्वास नाही. डॉल्बीच्या ट्रॅकमध्ये संवादांची पातळी नोंदवलेली असते आणि तिच्यानुसार रिसीव्हर सगळाच आवाज खाली आणतो, बहुधा चार डेसिबलनं. डीटीएसच्या ट्रॅकला सहसा अशी कात्री लागत नसे. मोठा आवाज कानाला अधिक भरीव, अधिक मोकळा वाटतोच. पातळी सारखी केल्याशिवाय केलेली तुलना ही आवाजाच्या बटणाची तुलना असते. फरक मुळीच नव्हता असं नाही. झांजेचा विरत जाणारा नाद किंवा पावसाची बारीक सर यांत तो कधी कधी ऐकू येई. पण आवाज मिसळणाऱ्या तंत्रज्ञाच्या हातानं पडणारा फरक त्याहून कितीतरी मोठा असायचा.

२००६ मध्ये ब्लू-रे आली आणि जागेची चणचण संपली. डॉल्बी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ या दोन्हींत काहीच गाळलं जात नाही; उलगडल्यावर स्टुडिओनं डिस्कसाठी दिलेला आवाज एकूण एक बिट परत मिळतो. त्यामुळे इथे दोघांत श्रेष्ठ कोण हा वाद व्यर्थ आहे. फरक उरतो तो घडणीत. ट्रूएचडीच्या जोडीला साधा डॉल्बी डिजिटल ट्रॅक द्यावाच लागतो. मास्टर ऑडिओच्या पोटात जुन्या डीटीएसचा गाभा असतो आणि गाळलेलं सगळं त्यावरच्या थरात. २०१४ मध्ये डोक्यावरूनही आवाज देणाऱ्या डॉल्बी अ‍ॅटमॉसची पहिली ब्लू-रे आली तीही ट्रूएचडीच्याच खांद्यावर. डोक्यावरून जाणारं हेलिकॉप्टर डीव्हीडीच्या काळातल्या रिसीव्हरला छतात नेता येत नाही, पण सोबतच्या डॉल्बी डिजिटल ट्रॅकमधले सहा प्रवाह तो आजही चोख वाजवतो.